शनिवार-रविवारचं मैदान: लहान मुलांचा खेळ घराला झेपेल असा कसा बसवायचा

मुलांना खेळाला घालायचं ठरलं की आपण आधी खेळ निवडतो, मग क्लास शोधतो, फी भरतो आणि सगळ्यात शेवटी वेळ बघतो. माझं सांगणं आहे की हा क्रम उलटा करा. आधी घराचा वेळ बघा, मग मैदान किती लांब आहे ते, मग तिथली शिकवणारी माणसं. खेळ कोणता हे शेवटी. दहा-अकरा वर्षांपर्यंतच्या मुलाने कोणता खेळ धरला याला तसं महत्त्व नाही. धरलेला खेळ दोन-तीन वर्षं टिकतो का, हे खरं. आणि तो टिकणं घराच्या हातात असतं, कारण सात वर्षांचं पोर एकटं मैदानावर जात नाही, त्याला कुणीतरी नेऊन सोडावं लागतं.

आमचं घर पुण्यात, सहकारनगरमध्ये. मोठी नऊ वर्षांची, खो-खो खेळते. धाकटा सहाचा, मल्लखांबाला जातो. मी बँकेत, म्हणजे दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा, बाकीचे कामाचे. नवऱ्याची कंपनी भोसरीत आणि त्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. रविवारी पहिली पाळी करून तो चारच्या सुमारास घरी येतो. सासूबाई आमच्याजवळच असतात, पण गुडघ्यांमुळे मुलांना घेऊन जिने-रस्ते करणं त्यांना जमत नाही. सगळे घरात, कुणालाच कुठे जायचं नाही, असा वेळ आम्हाला आठवड्यात एकदाच मिळतो: रविवारची संध्याकाळ. बाकी सगळं मी तिच्याभोवती बसवलं आहे.

तुमच्या घराचा असा वेळ कोणता, ते पहिलं शोधा. वहीच्या एका पानावर शुक्रवार रात्रीपासून रविवार रात्रीपर्यंतचे तास मांडा. त्यात आधी झोप लिहा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रात्रीची नऊ ते बारा तास झोप लागते. पहाटे साडेसहाची बॅच घेतलीत तर आदल्या रात्री नऊला दिवा बंद झाला पाहिजे, आणि शुक्रवारी रात्री तुमच्याकडे ते होत नसेल तर ती बॅच तुमच्यासाठी नाही. मग जेवणं, गृहपाठ, मंडई, आजीचं औषधपाणी, नातेवाइकांकडचं जाणंयेणं लिहा. जे मोकळं उरेल त्यातला अर्धा दिवस रेघ मारून बाजूला काढा आणि तिथे काही म्हणजे काही येऊ देऊ नका. चित्रकलेचा क्लास नाही, जादा सराव नाही, वाढदिवस नाही. हा अर्धा दिवस आधी काढला नाही तर नंतर कधीच निघत नाही. आता जे उरलं, ते खेळाचं. आमच्याकडे शनिवार आणि रविवारची सकाळ उरली. तेवढ्यात दर मुलामागे एकच खेळ बसतो आणि तेवढाच पुरे.

अंतर मिनिटांत मोजा, किलोमीटरमध्ये नाही. ज्या दिवशी, ज्या वेळी बॅच असेल त्याच वेळी एकदा गाडी काढून जाऊन या. गुरुवारी दुपारी मित्रमंडळ चौकातून सहज निघालेला माणूस शनिवारी संध्याकाळी तिथेच अडकून पडतो. लहान मुलासाठी वीस मिनिटांच्या पुढचं मैदान धरू नका, हे मी प्रत्येकाला सांगते. बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल म्हणजे पुण्याचं भूषण. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते उभं राहिलं आणि २००८ मध्ये तिथे युवा राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. मुलांना तिथे स्पर्धा बघायला जरूर न्या, मोठा ट्रॅक बघून त्यांचे डोळे विस्फारतात. पण सहकारनगरच्या सहा वर्षांच्या मुलाला दर आठवड्याला शहर आडवं ओलांडून तिथे न्यायचं म्हणजे खेळ तासाभराचा आणि अर्धा दिवस रस्त्यात. आमच्या बाजूला सणस मैदान आहे, नेहरू स्टेडियम आहे, टिळक रोडवर १९२४ साली कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी सुरू केलेलं महाराष्ट्रीय मंडळ आहे. शिवाय पेठांमधल्या जुन्या व्यायामशाळा. घराजवळ काय आहे, याची पुण्यात आपल्याला बहुतेक वेळा कल्पनाच नसते. शेजारच्या आजोबांना विचारा, ते लहानपणी कुठे खेळायचे. ती जागा अजून चालू असण्याची चांगली शक्यता असते.

बॅच पूर्ण बघितल्याशिवाय नाव घालू नका

इथे घाई करू नका. ऑफिसात बसून माहितीपत्रक घेऊन येणं पुरेसं नाही. कोपऱ्यात उभं राहून एक अख्खी बॅच बघा.

मोठीसाठी मी जी बॅच पाहिली तिथे आठ मुली मधल्या रेषेवरच्या चौकोनांत बसलेल्या होत्या, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे, आणि नववी पाठलागावर. ती नवीन असावी. धावत आली, बसलेल्या मुलीच्या पाठीवर हात टेकला आणि मग एक क्षण थांबून तिच्या तोंडून ‘खो’ निघाला. शिकवणाऱ्या ताईंनी शिट्टी वाजवून खेळ थांबवला. त्या मुलीसमोर पाठ करून स्वतः उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, “मला दे. हात आणि आवाज एकदम.” तिने दिला. पुन्हा हात आधी. पुन्हा दिला. जमलं, तशा ताई उठून खरोखरच खो मिळाल्यासारख्या पळत सुटल्या आणि सगळ्या मुली हसल्या. ती मुलगी सर्वांत जास्त हसली. दुसऱ्या बाजूला, ज्यांची पाळी नव्हती त्या खांबाला हात लावून वळायचा सराव करत होत्या. रांगेत हात बांधून उभं कुणी नव्हतं. मी त्याच दिवशी फी विचारली.

बघायचं ते एवढंच. तासाभरात मूल खरोखर किती वेळ हलतं आणि किती वेळ रांगेत उभं राहतं. शिकवणाऱ्यांना मुलांची नावं माहीत आहेत का. सगळ्यात कच्च्या मुलाशी ते कसे बोलतात. पाण्याची सुट्टी देतात का. स्वच्छतागृह कसं आहे, हे स्वतः आत जाऊन बघा, मुलींच्या बाबतीत तर आधी तेच. कुणी पहिल्याच भेटीत “तुमची मुलगी राज्यपातळीवर जाईल” म्हणालं तर नमस्कार करून बाहेर पडा. नऊ वर्षांच्या मुलीला एकदा धावताना बघून हे कुणालाही कळत नाही.

खेळ कोणता याबद्दल मुलाला विचारा, पण यादी देऊ नका, दाखवा. आमच्या मोठीने जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीतला पहिला खो-खो विश्वचषक टीव्हीवर पाहिला. भारताच्या मुली जिंकल्या, मुलगेही जिंकले, आणि दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे. तिथून तिने खो-खोच धरला. या खेळाचे नियम १९१४ मध्ये आपल्याच डेक्कन जिमखान्यावर बांधले गेले, हे ऐकून तर तिला तो घरचाच खेळ वाटायला लागला. पालक म्हणून मला यात आणखी एक आवडतं: बूट आणि गुडघ्याची कॅप सोडली तर खर्च नाही.

धाकट्यासाठी मी एक खेळ असा निवडलाच नाही. पाच-सहाच्या वयात चढणं, लोंबकळणं, उडी मारणं, तोल सांभाळणं, पोहणं एवढं आलं की पुढे कुठलाही खेळ येतो. मल्लखांबात यातलं बरंच आपोआप होतं. लाकडाला एरंडेल लावतात, त्यामुळे कपडे वेगळे ठेवा. डाग पडलेल्या जागी आधी कोरडं बेसन चोळा, मग गरम पाणी आणि साबण. सगळ्यांच्या कपड्यांबरोबर मशीनला टाकू नका.

मैदानाची बॅच नसेल त्या दिवशी खेळ नाही, असं मात्र होऊ देऊ नका. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी साठ मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. आठवड्यातल्या दोन बॅचेसनी ते भरत नाही. सोसायटीतला लपंडाव, दोरीच्या उड्या, तळजाईची टेकडी, पर्वतीच्या पायऱ्या हे त्यातच धरायचं. गुरुवारी नवरा दोघांना शाळेनंतर तळजाईला नेतो. तिथे कुणी शिकवत नाही, कुणी जिंकत नाही.

शुक्रवारची रात्र

सकाळ सुरळीत जाते ती आदल्या रात्रीमुळे. पिशवी मुलानेच भरायची, आपण फक्त दारातून विचारायचं. पाण्याची बाटली, टोपी, छोटा टॉवेल, जादा मोजे, कागदात एक राजगिऱ्याचा लाडू. नखं कापलेली, केस घट्ट बांधलेले, कानातलं आणि पैंजण घरी. दुचाकीवरून जात असाल तर मुलाचं हेल्मेट त्या पिशवीवरच ठेवा. चार वर्षांवरच्या मुलाला ते कायद्याने लागतंच, आणि त्याहून लहान असेल तर हेल्मेटबरोबर सुरक्षा पट्टा आणि वेग ताशी ४० च्या आत. सम-विषम तारखेच्या पार्किंगची पी-वन, पी-टूची पाटी आणि तारीख मनाशी ताडून ठेवा, नाहीतर मुलाला सोडून येईपर्यंत गाडी उचललेली असते.

मैदानावर जाण्याआधी पोटभर खायला देऊ नका. एक केळं किंवा तूप-गूळ लावलेली अर्धी पोळी. घरी आल्यावर तासाभरात नीट खाणं: थालीपीठ-दही, पोहे आणि अंडं, मुगाचं धिरडं. परत येताना दर वेळी मिसळ किंवा इडली खायची सवय लावलीत तर मैदानाच्या फीपेक्षा नाश्त्याचं बिल मोठं होतं आणि आजी घरी गरम पोहे धरून बसलेल्या असतात. आम्ही महिन्यातून एकदाच बाहेर खातो आणि तेव्हा आजींना रिक्षाने बोलावून घेतो.

माझ्या कामाच्या शनिवारी सोडणं-आणणं सोसायटीतल्या तीन घरांनी वाटून घेतलं आहे. हे जमवायचं असेल तर दोन गोष्टी तोंडी न ठेवता ग्रुपवर लिहून टाका: पाळी कुणाची, आणि मुलं मैदानाच्या कुठल्या फाटकाशी थांबणार. मोठ्या माणसाचा चेहरा दिसल्याशिवाय फाटकाबाहेर पाऊल नाही, हे मुलांकडून पाठ करून घ्या.

सामना असेल तेव्हा

सरावाला घरचं लग्न, ताप, गणपती यांसाठी सुट्टी घेता येते. सामन्याला नाही. आपली मुलगी आली नाही तर बाकीच्यांचा खेळ बिघडतो, हे तिला लहानपणीच समजलं पाहिजे. म्हणून वर्षाला मोजक्याच स्पर्धांना होकार द्या, पण दिलेला होकार पाळा. जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाईड आणि फोटो यांच्या प्रती एका फोल्डरमध्ये कायम तयार ठेवा, हे ऐन वेळी मागतात. सकाळी आठला बोलावलं म्हणजे सामना आठला होईल असं समजू नका. सतरंजी, पत्ते, डबा, कोकम सरबत न्या आणि धाकट्याला दिवसभर उन्हात बसवू नका. त्याला आजीजवळ ठेवा, त्याचाही तो रविवारच आहे.

कडेला उभं राहून सूचना देऊ नका. खो-खोत याला फार साधं कारण आहे. बसलेल्या मुलीला पाठीमागून येणारा ‘खो’ ऐकू यावा लागतो. आपण “उठ, पळ, उजवीकडे” ओरडलो की ती चुकीच्या आवाजावर उठते आणि फाउल तिच्या नावावर लागतो. टाळ्या वाजवा, दोन्ही संघांसाठी वाजवा. घरी येताना सामन्याचा विषय आपण काढायचा नाही. तिला बोलायचं असेल तर जेवताना ती आपणहून सांगते, आणि हरलेल्या सामन्यातलीही एखादी हुलकावणी ताटावर बोटं नाचवून दाखवते.

मुलगा किंवा मुलगी टाच दुखते म्हणाली तर “होईल बरं” म्हणून सोडू नका. आठ ते चौदाच्या वयात टाचेच्या वाढत्या हाडावर ताण येऊन ती दुखते. विश्रांती द्या, आणि लंगडत असेल, दुखणं दोन-चार दिवसांत कमी होत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना आठवड्यातून एक-दोन दिवस शिस्तीच्या खेळाला पूर्ण सुट्टी द्या म्हणते आणि वर्षातले काही महिने त्या एका खेळापासून लांब राहा असंही सांगते. आपल्याकडे ही सुट्टी पावसाळाच देतो. जून-जुलैत मैदानात चिखल असतो, तेव्हा खो-खो बंद ठेवा, सूर्यनमस्कार घाला, पोहायला न्या.

फी एकदम वर्षाची भरू नका, सवलत दिली तरी. तीन महिन्यांची भरा आणि दर वेळी भरायच्या आधी मुलाला विचारा. एप्रिल-मेच्या शिबिरांचे फलक मार्चमध्ये लागतात. त्यात सकाळी साडेसहा ते साडेआठची बॅच मिळाली तरच घ्या, दहा वाजताच्या उन्हात लहान मुलांना धावडवण्यात काही अर्थ नाही. ही सकाळची बॅच सगळ्यात आधी भरते, तेव्हा मार्च संपायच्या आत जाऊन नाव घाला.