धिंगरी अळिंबी: झोपडीतल्या उत्पादनापासून रोजच्या विक्रीपर्यंत

बटन अळिंबीला कंपोस्ट लागते आणि पीक येताना 14 ते 18 अंश तापमान धरून ठेवावे लागते. ते यंत्रांच्या भांडवलाचे काम. धिंगरी (ऑयस्टर मशरूम) 20 ते 28 अंशांत, भाताच्या पेंढ्यावर, गव्हाच्या काडावर किंवा सोयाबीनच्या भुशावर निघते. म्हणून कमी भांडवलात सुरुवात करायची तर तीच घ्यावी. साजोर-काजू जात बऱ्यापैकी उष्णता सोसते, फ्लोरिडा जातीला थंडीचे दिवस मानवतात.

काड याच हंगामातले, पिवळेधमक, पावसात न भिजलेले हवे. निम्मी बिघाडाची प्रकरणे जुन्या, कुबट काडापासूनच सुरू होतात. 3 ते 5 सेंटीमीटरचे तुकडे करून पोत्यात भरा, 10 ते 12 तास स्वच्छ पाण्यात बुडवा. मग तेच पोते 80 ते 85 अंशांच्या पाण्यात पूर्ण 1 तास ठेवा. काड टाकल्यावर पाणी निवते, म्हणून तास मोजायचा तो तापमान पुन्हा 80 वर आल्यापासून. इथे थर्मामीटर लागतोच, हात घालून अंदाज चालत नाही. बाविस्टिन (बुरशीनाशक) आणि फॉर्मेलिन (जंतुनाशक) यांच्या पाण्यात काड बुडवून ठेवण्याचीही पद्धत आहे. इंधन वाचते, पण फॉर्मेलिनची वाफ डोळ्यांना व छातीला बाधते आणि खाण्याच्या मालाला रसायन लावणे आम्हाला पटत नाही.

काड धुतलेल्या उतारावर निथळू द्या. मूठ घट्ट दाबली तर तळवा ओला व्हावा, पण थेंब गळू नये. म्हणजे ओलावा 65 टक्क्यांच्या आसपास आला. काड पूर्ण निवल्याशिवाय स्पॉन, म्हणजे दाण्यांवर वाढवलेले अळिंबीचे बियाणे, घालू नका, गरम काडात ते मरते. स्पॉन पांढरेशुभ्र, दाणे सुटे होणारे हवे. हिरवा किंवा काळा ठिपका दिसला, आंबूस वास आला, तर पिशवी परत करा. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी संशोधन प्रकल्प आहे. प्रशिक्षणाची चौकशी तिथे करावी.

35 × 55 सेंटीमीटरच्या पिशवीत 1 किलो कोरडे काड बसते. भिजून ते पावणेतीन किलोच्या आसपास भरते. त्याला ओल्या वजनाच्या 2 टक्के, म्हणजे 50 ते 60 ग्रॅम स्पॉन. 5-6 सेंटीमीटरचा काडाचा थर दाबायचा, कडेने स्पॉन पेरायचे, असे चार-पाच थर. तोंड बांधून स्वच्छ सुईने 25-30 छिद्रे पाडा. भरलेली पिशवी म्हणजे बेड. हे बेड अंधाऱ्या खोलीत 15 ते 20 दिवस ठेवायचे, पण एकावर एक रचायचे नाहीत. अळिंबीची बुरशी काडात वाढताना उष्णता निघते आणि बेडचा गाभा खोलीपेक्षा काही अंशांनी जास्त तापतो.

बेड पांढरा व घट्ट झाला की प्लास्टिक कापून तो दोरीवर टांगा. आता आर्द्रता 80 ते 90 टक्के, भरपूर खेळती हवा आणि वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड हवा. भिंतींवर ओले बारदान सोडा, जमिनीवर पाणी शिंपडा. टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसले की बेडवर जोराचा फवारा मारू नका. नवशिक्यांचे सगळ्यात जास्त नुकसान इथे होते: आर्द्रता सांभाळायच्या नादात खिडक्या बंद होतात, कार्बन डायऑक्साइड साठतो, मग देठ लांबलचक आणि छत्री बारीक. कोंब सुकून पिवळे पडले तर हवा कोरडी आहे. चिकट, पिवळट, वास मारणारे झाले तर त्यांच्यावर पाणी साचते आहे. हिरवी बुरशी दिसलेला बेड तिथे न उघडता बाहेर नेऊन पुरावा. माश्यांसाठी खिडक्यांना बारीक जाळी आणि पिवळे चिकट सापळे, कीटकनाशक नाही.

छत्रीची कड वर वळण्याआधी अख्खा झुबका पिळून काढा, काढणीआधी पाणी मारू नका. उशीर केला तर बीजाणू उडतात, काहींना त्याने खोकला व ताप येतो. काढताना मास्क बांधा. पुढचा बहर 8-10 दिवसांनी. तीन बहरांत 1 किलो काडावर 600 ते 800 ग्रॅम ताजा माल धरून हिशेब करा. जास्त निघाला तर आनंदच.

एकाच दिवशी 300 बेड भरले तर माल एकदम येतो आणि भाव पडतो. रोज 5 बेड भरा. 60 दिवसांचे चक्र धरले तर खोलीत 300 बेड राहतात आणि रोज साधारण साडेतीन किलो माल निघतो. ताजी धिंगरी बाहेर जेमतेम दिवसभर टिकते, फ्रिजमध्ये चार-पाच दिवस. म्हणून गिऱ्हाईक बेड भरण्याआधी ठरवा. 200 ग्रॅमची छिद्रांची पाकिटे हॉटेल व भाजीवाल्यांकडे चालतात. गावात अजून ‘कुत्र्याची छत्री’ म्हणून नाक मुरडणारे भेटतात, तिथे भाजी करून खाऊ घालणे हीच जाहिरात. उरलेला माल वाळवा: 10 किलोचा सुमारे 1 किलो होतो.

‘किट घ्या, सगळा माल आम्ही हमीभावाने उचलू’ म्हणणाऱ्यांना आगाऊ पैसे देण्याआधी, त्यांनी मागच्या हंगामात कोणाचा माल उचलला त्या शेतकऱ्यांना जाऊन भेटा. संपलेले बेड शेडजवळ ठेवू नका, माश्या तिथूनच परत येतात. लांब नेऊन गांडूळखताच्या खड्ड्यात टाका.