वॉटरफर्ड ग्रीनवेला जाताय? आधी गाडी कुठे लावायची ते ठरवा

उन्हाळा आला की डब्लिनमधल्या आपल्या मराठी ग्रुप्समध्ये वॉटरफर्ड ग्रीनवेचा विषय निघतोच, आणि सगळी चर्चा सायकली भाड्याने कुठे मिळतील आणि डब्यात काय न्यायचं यावरच होते, गाडीबद्दल कोणी बोलत नाही. पण हा ट्रेल गोल फिरून परत येत नाही ना. जुन्या रेल्वेलाइनवर केलेला सायकलींचा आणि चालण्याचा रस्ता आहे, 2017 ला सुरू झाला, वॉटरफर्ड शहर ते डंगारव्हन तब्बल 46 किमी. तुम्ही पुढे जाणार आणि गाडी मागेच राहणार.

म्हणून माझा आग्रह एकच, गाडी शेवटाला लावा. जिथे राइड संपणार तिथे सकाळीच पार्क करायची, सायकली भाड्याने देणाऱ्यांच्या शटल गाडीने सुरुवातीला जायचं आणि मग आरामात सायकल मारत गाडीपाशी यायचं. उलटं केलंत तर संध्याकाळी पायाचे तुकडे पडलेले, पोरं रडकुंडीला आलेली आणि शटल गेली का राहिली हे बघत बसायचं. आणि शटल आधीच बुक करा, बाकीचं नंतर. जून आणि ऑगस्टच्या बँक हॉलिडेला आयत्या वेळी फोन करून काहीही मिळत नाही. स्वतःची सायकल असेल तर शटलमध्ये घेतात का ते पण तेव्हाच विचारून घ्या.

आता कुठून कुठे? पूर्ण 46 किमी सगळ्यांनी करायलाच पाहिजे असं काही नाही. माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग वाटेतलं किलमॅकथॉमस ते डंगारव्हन, साधारण 22 किमी. आधी आठ कमानींचा दगडी रेल्वेपूल, मग बॅलीव्हॉइलचा जवळपास 400 मीटरचा बोगदा (1878 चा आहे, आत भिंतींना पाणी झिरपत असतं, तोंडाशी नेचे नुसते लोंबत असतात), आणि त्यातून बाहेर आलं की थोड्याच वेळात समोर समुद्र आणि रस्ता उताराचा. तेव्हा गाडी डंगारव्हनला, सुरुवात किलमॅकथॉमसला. फक्त वारा बघा, इकडे बहुतेक वेळा नैऋत्येकडून येतो म्हणजे डंगारव्हनकडे जाताना तोंडावरच. फोरकास्टमध्ये वारा जास्त दिसला तर दिशा बदला, गाडी किलमॅकथॉमसला आणि सुरुवात डंगारव्हनहून, चढ लागेल पण वारा पाठीशी राहील.

भारतातून आईबाबा आले असतील तर सायकलचा हट्ट नको. किलमॅकथॉमसला जुन्या वर्कहाउसपाशी (पूर्वीचं गरिबांना ठेवायचं घर) गाडी लावा, पुलापर्यंत चालत जा, परत या, चहा घ्या, झालं. लहान मुलं असतील तर ग्रीनवेवरचंच किलमेडन, तिथे छोटी नॅरोगेज गाडी धावते, पण ती सीझनमध्येच असते म्हणून टाइमटेबल बघूनच निघा.

डब्लिनहून एम 9 मोटरवेने दोनेक तास लागतात. वॉटरफर्डच्या बायपासवरच्या पुलाला टोल आहे, तो तिथल्या तिथे भरायचा. डब्लिनभोवतीच्या एम 50 चा टोल लागला असेल तर तो मात्र दुसऱ्या दिवशी रात्री 8 च्या आत ऑनलाइन, दिवसभराच्या गडबडीत हे हमखास विसरायला होतं. सायकली गाडीच्या टपावर बांधल्या असतील तर कार पार्कमध्ये शिरताना उंचीचा बार आहे का ते आधी बघा. मागच्या रॅकवर असतील आणि नंबर प्लेट झाकली जात असेल तर वेगळा लाइट आणि नंबरवाला बोर्ड लावावा लागतो.

कार पार्क भरलेलं दिसलं तर प्लीज बाजूच्या गल्लीत गाडी घुसवू नका. तिथले रस्ते एका गाडीपुरते, दोन्ही बाजूला कुंपणाची झुडपं, आणि जे गेट बंद दिसतं ते कोणाच्या तरी शेताचं असतं. गवत कापणीच्या दिवसांत मोठाले ट्रेलर लावलेले ट्रॅक्टर दिवसभर ये-जा करतात आणि त्यांना वळायला समोरचा अख्खा रस्ता लागतो. आपल्या गावाकडे बांधावर कोणी गाडी आडवी लावली तर आपल्याला चालेल का? सरळ पुढच्या कार पार्कला जा, थोडी कमी सायकल होईल एवढंच. आणि बॅगा सीटवर दिसतील अशा ठेवू नका.

गाडी नसेल तरी जमतं. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनहून वॉटरफर्डची ट्रेन आहे, सायकलसाठी मोजक्याच जागा असतात म्हणून तिकिटाबरोबरच बुक करा. स्टेशन नदीच्या उत्तरेला आहे, राइस ब्रिज ओलांडून शहरात यायचं आणि नदीकाठाने बिलबेरीला, तिथे ग्रीनवेवर लागायचं. डंगारव्हनहून वॉटरफर्डला बस आहे, पण सायकल डिकीत जागा असेल तरच घेतात आणि ते ड्रायव्हरवर असतं, त्यावर अवलंबून परतीची ट्रेन बुक करू नका. त्यापेक्षा सायकल तिथेच भाड्याने घ्या आणि परतीला त्यांचीच शटल.

जूनमध्ये रात्री दहाच्या आसपास पण उजेड असतो, तेव्हा उशिरा निघालं तरी चालतं. डिसेंबरमध्ये सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा दहाच्या आत सायकलवर बसा आणि बोगद्यासाठी लाइट चार्ज करून न्या.