घरच्या टाकीत वाम कशी पाळावी

वाम हा सापासारखा लांबट मासा नदीकाठच्या लोकांना कालवणातला ठाऊक असतो. टाकीत पाळली, तर रोज संध्याकाळी वाळूतून नाक बाहेर काढून वास घेत फिरणारा हा मासा बघत राहावंसं वाटतं.

सुरुवात योग्य जात निवडण्यापासून करा. नदीतली मोठी वाम पाऊण मीटरच्या पुढे जाते, लाल पट्ट्यांची ‘फायर ईल’ तर मीटरभर. दुकानात बोटाएवढं पिल्लू दिसतं म्हणून फसू नका. घरासाठी ‘मॅक्रोग्नॅथस पॅनकॅलस’ ही आपल्याकडची छोटी जात बरी. ती साधारण १५ ते १८ सेंटिमीटरवर थांबते, तिला तीन फुटी टाकी पुरते.

सगळ्यात महत्त्वाची वाळू. वाम अंग पुरून बसते आणि तिचे खवले अगदी बारीक असतात. टोकदार खडीने कातडी खरचटते, जखम चिघळते आणि मासा जातो. म्हणून नदीची बारीक, गोलसर वाळू चाळून, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा आणि ५ सेंटिमीटर जाडीचा थर द्या. बांधकामाची क्रश सँड अजिबात नको. वर दगडांच्या कपारी, पाइपचे तुकडे आणि तरंगती झाडं ठेवा. उजेड मंद हवा.

मासा आणण्याआधी फिल्टर काही आठवडे चालवून टाकी मुरू द्या, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू त्यात वाढतात. तापमान २४ ते २८ अंश. फिल्टरच्या तोंडाला स्पंज आणि हीटरला जाळी लावा, कारण वाम नेमकी तिथेच घुसते. झाकण घट्ट बसवा. वायर जाते ती फटसुद्धा बुजवा; एवढ्याशा जागेतून ती रात्री बाहेर पडते आणि सकाळी फरशीवर वाळलेली सापडते.

खाणं दिवे मालवल्यावर द्या. कोरडे दाणे ती सहसा खात नाही. गोठवलेले ब्लडवर्म (माशांना घालायच्या लाल अळ्या) किंवा खत-औषध न मारलेल्या मातीतली गांडुळं धुऊन, तुकडे करून तिच्या बिळाजवळ सोडा. दुकानातून आणलेली वाम बहुधा उपाशीच असते, म्हणून पहिले काही दिवस रोज नीट बघा. सोबतीला गुरामी, रोझी बार्ब चालतात. निऑन टेट्रासारखे इवले मासे मात्र ती गिळते.

अंगावर पांढरे ठिपके दिसले, तर तांब्याचं किंवा मॅलाकाइट ग्रीनचं औषध पूर्ण मात्रेत ओतू नका, वामेला ते सोसत नाही. आधी पाणी बदला, हवेचा पंप वाढवा, तापमान हळूहळू ३० अंशांपर्यंत न्या.