पंचविशीत लिहायचं असेल तर

आधी बसायला जागा शोधा. डोंबिवलीच्या खोलीत आम्ही तिघं, म्हणून मी दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जातो, संस्था १८९८ची. रोज एक पान, हातानेच. दिवाळी अंकासाठीची कथा पावसाळ्याआधी पुरी करा. ऑक्टोबरात पाठवून उपयोग नसतो, हे कळायला माझी दोन वर्षं गेली. प्रूफं तपासायची नोकरी सोडलेली नाही. भाडं वेळेवर गेलं की डोकं मोकळं राहतं.

प्रेमात मात्र कवितांवर विसंबू नका. चार महिने मी तिला नुसत्या कविता पाठवल्या, तिच्या आईच्या ऑपरेशनबद्दल एकदाही विचारलं नाही. ती बोलेनाशी झाली, बरोबरच होतं. आता शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर भेटलो की आधी तिचं ऐकतो. परवा तिनेच विचारलं, "नवीन काय लिहिलंस?" मी वही पुढे केली.