सोनं होतं, पण हाती लागत नव्हतं

नागपुरात हिंगण्याच्या आमच्या छोट्या लॅबमध्ये खनिजाचे दोन नमुने आले. फायर असेमध्ये (नमुना वितळवून सोनं मोजायची चाचणी) दोन्हींत टनाला साधारण 4 ग्रॅम सोनं. सोनं विरघळवणाऱ्या सायनाइडच्या द्रावणात मात्र पहिल्यातून 90 टक्के सुटलं, दुसऱ्यातून निम्मंही नाही.

दळण जाड असेल म्हणून 75 मायक्रॉनखाली दळलं. काही फरक नाही. द्रावणाचा पीएच (क्षारता) हवा तसा, 10.5 होताच. मग दर दोन तासांनी द्रावण तपासलं, तेव्हा कोडं सुटलं: सोनं आधी वाढायचं, नंतर घटायचं! दगडातलाच काळा कार्बन विरघळलेलं सोनं परत ओढत होता. मी सक्रिय कोळसा सुरुवातीपासूनच टाकला, तो दगडातल्या कार्बनच्या आधी सोनं पकडतो आणि त्यातून ते नंतर काढता येतं. रिकव्हरी, म्हणजे हाती लागलेलं सोनं, 80 टक्क्यांच्या वर गेली. त्या रात्री शांत झोप लागली. सोनं पायराइटच्या (लोह-गंधकाच्या खनिजाच्या) कणांत कोंडलेलं असतं, तर मात्र आधी भट्टीत भाजण्यासारखं काही करावं लागलं असतं.