जुना टेप ड्राइव्ह बाद ठरवण्याआधी या चुका टाळा

एलटीओ हे बॅकअपसाठीच्या चुंबकीय टेपचे मानक आहे; त्याच्या पाचव्या पिढीचे, म्हणजे एलटीओ-5 चे टेप ड्राइव्ह 2010 साली आले आणि अनेक कार्यालयांच्या सर्व्हर-कक्षांत ते अजूनही रोज रात्री बॅकअप घेत आहेत. असा ड्राइव्ह अडखळू लागला की त्याला लगेच म्हातारा ठरवले जाते. दोष मात्र तीन ठिकाणी असू शकतो: ड्राइव्हमध्ये, टेपमध्ये किंवा दोघांना सर्व्हरशी जोडणाऱ्या केबल आणि कंट्रोलरमध्ये (सर्व्हरमधल्या जोडणीच्या कार्डात). हे तिन्ही एकमेकांपासून वेगळे करून तपासण्याआधी केलेली घाई कधी चांगला ड्राइव्ह भंगारात घालते, तर कधी चांगली टेप कायमची बिघडवते.

सर्वांत महागात पडणारी चूक

एका टेपवर त्रुटी आली की पुष्कळ जण तपासणीसाठी कपाटातली दुसरी टेप ड्राइव्हमध्ये घालतात, तीही अडली की तिसरी. या टेपांवर महिनाअखेरीचे किंवा वर्षाअखेरीचे बॅकअप असतात, याचा त्या क्षणी विसर पडतो. ड्राइव्हच्या टेपमार्गात खरोखर काही तुटलेले असेल, तर तो आत आलेल्या प्रत्येक टेपची कड चुरगाळू शकतो. उलट, टेपची कड दुमडलेली किंवा टेपच्या टोकाची पिन निसटलेली कार्ट्रिज (टेपची डबी) धडधाकट ड्राइव्हलाही जायबंदी करू शकते. म्हणून संशयित ड्राइव्हमध्ये फक्त कोरी किंवा निरुपयोगी माहितीची चाचणी-टेप घालावी आणि संशयित टेप शक्य असेल तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये तपासावी, पण तीही बाहेरून नीट पाहिल्यानंतरच. त्यासाठी कार्ट्रिजचे छोटे दार हलकेच सरकवून आतली धातूची लीडर पिन सरळ आणि जागेवर आहे की नाही हे बघावे. हातातून पडलेली कार्ट्रिज वरून अखंड दिसली तरी ही पिन आत निसटलेली असू शकते आणि मग ड्राइव्ह टेप ओढूच शकत नाही.

याच्या जोडीला सांगायला हवे ते चुंबकीय पुसणीविषयी. जुन्या काळच्या सवयीने काही जण टेप कोरी करण्यासाठी डिगॉसर, म्हणजे तीव्र चुंबकाने सगळे पुसणारे यंत्र, वापरतात. एलटीओ टेपवर ती वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या हेडला मार्ग दाखवणारे सर्वो पट्टे कारखान्यातच लिहिलेले असतात आणि डिगॉसर माहितीबरोबर तेही पुसून टाकतो. ते ड्राइव्हला पुन्हा लिहिता येत नाहीत, त्यामुळे ती टेप कोणत्याच ड्राइव्हमध्ये चालत नाही आणि दोष मात्र ड्राइव्हवर येतो.

सफाईचा अतिरेक आणि सफाईचा आभास

‘दर सोमवारी क्लीनिंग टेप’ असा नियम अनेक ठिकाणी आढळतो आणि तो चुकीचा आहे. क्लीनिंग टेप सौम्य का होईना, घासणारी असते. ड्राइव्ह स्वतः दिवा लावून किंवा छोट्या पडद्यावर ‘सी’ अक्षर दाखवून सफाई मागतो, तेव्हाच ती वापरावी. सफाईनंतरही दिवा विझत नसेल, तर आधी क्लीनिंग टेपचा हिशेब बघावा. तिचे वापर कार्ट्रिजमधल्या चिपमध्ये मोजले जातात, बहुतेकींची मर्यादा 50 असते आणि ती संपलेली टेप ड्राइव्ह सफाई न करताच बाहेर टाकतो. नवीन क्लीनिंग टेपनंतरही दिवा वारंवार लागत राहिला, तर हेडच्या झिजेचा संशय धरायला हरकत नाही. स्पिरिटच्या कापसाने हेड पुसणे किंवा पुढच्या फटीतून दाबाची हवा मारणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण धूळ त्याने बाहेर येण्याऐवजी हेडवर जाऊन बसू शकते.

वेग आणि क्षमता काय सांगतात

एलटीओ ड्राइव्ह लिहितानाच लिहिलेले लगेच वाचून पाहतो आणि नीट न उतरलेला भाग टेपवर पुढे पुन्हा लिहितो. यामुळे घाणेरडे किंवा झिजलेले हेड सुरुवातीला त्रुटी दाखवत नाही. बॅकअप ‘यशस्वी’ असा संदेश येत राहतो, फक्त टेप लवकर भरू लागते. कॉम्प्रेशनशिवाय 1.5 टेराबाइट मावणारी एलटीओ-5 टेप सतत त्याच्या बऱ्याच आधी संपत असेल, आणि नव्या टेपवरही तसेच होत असेल, तर तो ड्राइव्हचा स्पष्ट इशारा आहे. मला हे लक्षण सर्वांत मोलाचे वाटते, कारण ते माहिती गमावण्याच्या आधी दिसते. म्हणून प्रत्येक टेपवर किती माहिती मावली याची नोंद ठेवावी.

मंदावलेल्या वेगाचे मात्र दरवेळी असे नसते. एलटीओ-5 चा मूळ वेग सेकंदाला 140 मेगाबाइट आहे, तर एक गिगाबिटचे नेटवर्क कागदोपत्रीसुद्धा 125 च्या पुढे जात नाही. माहिती फारच हळू आली की टेप थांबते, मागे जाते आणि पुन्हा धावते. त्या वेळचा खरखराट मोटर गेल्यासारखा वाटतो आणि ही ये-जा दीर्घकाळ चालली तर टेप व हेड दोन्ही खरोखरच झिजतात. बॅकअप आधी स्थानिक डिस्कवर घेऊन मग टेपवर उतरवल्यास पुष्कळदा हा आवाज बंद होतो.

केबल, कंट्रोलर आणि हवा

एलटीओ-3 किंवा एलटीओ-4 चा पॅरलल स्कझी ड्राइव्ह (एकाच केबलवर अनेक उपकरणे साखळीने जोडण्याची जुनी पद्धत) असेल, तर साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर, म्हणजे संकेत परत उलटू न देणारे जोड, आहेत ना, हे सर्वांत आधी बघावे. त्याच साखळीवर एखादे जुने सिंगल-एंडेड (जुन्या, संथ संकेतपद्धतीचे) उपकरण असले, तर सगळी साखळी त्याच्या संथ पद्धतीवर उतरते. अशी केबल वीज चालू असताना काढू-घालू नये. लिनक्सच्या नोंदींत ‘मीडियम एरर’ (टेपचा दोष) आणि ‘हार्डवेअर एरर’ (ड्राइव्हचा दोष) वेगळे दिसतात, पण पहिल्याचे कारण टेपइतकेच घाणेरडे हेडही असू शकते, म्हणून त्या एका शब्दावर टेप फेकू नये. ड्राइव्ह स्वतः नोंदवतो ते टेप-अलर्ट इशारे आणि निर्मात्याच्या तपासणी-साधनाचा अहवाल आधी जतन करावा, फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतले सॉफ्टवेअर) त्यानंतरच बदलावे आणि तेही यूपीएसवर.

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात आणखी एक कारण असते. या ड्राइव्हना चालताना 80 टक्क्यांपर्यंतच आर्द्रता चालते, आणि रात्री वीज वाचवण्यासाठी वातानुकूलन बंद केलेल्या खोलीत बॅकअपच्या वेळीच ती मर्यादा ओलांडली जाते. थंड तिजोरीतून आणलेल्या टेपवर दमट हवेत दवही धरते, म्हणून ती वापरण्याआधी एक दिवस खोलीत ठेवावी.

टेप आत अडकल्यास ओढाताण करू नये. वीज गेल्यानंतर पुन्हा सुरू झालेला ड्राइव्ह मधेच थांबलेली टेप सावकाश गुंडाळतो आणि एलटीओ-5 ची टेप 846 मीटर लांब असते, त्यामुळे काही मिनिटे वाट बघून मगच बाहेर काढण्याचे बटण दाबावे.

ड्राइव्ह खरोखर संपलाच असेल, तर नवा घेताना पिढी मोजावी. एलटीओ-5 टेप एलटीओ-6 मध्ये वाचता-लिहिता येते, एलटीओ-7 मध्ये फक्त वाचता येते आणि एलटीओ-8 मध्ये मुळीच नाही. हेड कुरकुरू लागल्यावरही जुना ड्राइव्ह वाचत असेल, तर त्यावर नवे बॅकअप घेणे थांबवून आधी सर्वांत महत्त्वाच्या टेपांची नक्कल दुसऱ्या माध्यमावर करून घ्यावी.