मिलेच्या ‘सरवा वेचणाऱ्या बाया’ कशा बघाव्यात

ज्यां-फ्रांस्वा मिले या फ्रेंच चित्रकाराचं हे चित्र 1857 सालचं. त्यात तीन बाया सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात पडून राहिलेल्या ओंब्या, वेचताहेत. मूळ चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे, पण पडद्यावर मोठं करून बघितलं तरी पुष्कळ सापडतं. मात्र ‘बिचाऱ्या’ म्हणायची घाई करू नका. आधी त्यांच्या कमरा बघा.

माझी आजी ज्वारीचा सरवा वेचायची, तिच्या मागून मीही हिंडले आहे. त्यामुळे माझी नजर थेट गेली ती डावीकडच्या बाईच्या पाठीमागे घेतलेल्या हाताकडे. त्या मुठीत वेचलेल्या ओंब्या आहेत; दुसरा हात वेचायला मोकळा. मधली तशीच पार वाकलेली. तिसरी अर्धवट उठलेली, लगेच परत वाकणार. वाकणं, उचलणं, उठणं. हे चित्रकाराला नुसतं बघून सुचलं नसेल. मिले नॉर्मंडीतल्या शेतकऱ्याच्या घरात वाढला होता.

आता क्षितिजाच्या रेघेवरून बोट फिरवा. वाकलेल्या दोघी तिच्या कितीतरी खाली आहेत, तिसरीचं डोकंही फार तर तिथवरच पोचतं. जमिनीने त्यांना धरून ठेवलंय असं वाटतं. चेहरे जवळपास दिसतच नाहीत.

मग लांब बघा, घाई न करता. गंजी, भरलेली गाडी, मजुरांचा घोळका आणि उजवीकडे घोड्यावर बसलेला मुकादम. सगळं पीक तिकडे, उन्हात न्हालेलं. इकडे या तिघींपुढे तुरळक काड्या. कापणी झाल्यावर, दिवस मावळायच्या आत, सरवा वेचायचा हक्क तिथल्या गरिबांना होता. म्हणजे या चोर नाहीत, भिकारीही नाहीत. चित्राचा अर्थ लावताना हे सुटलं, तर नुसती दया उरते.

सालही विसरू नका. फ्रान्समध्ये राजाला हटवणाऱ्या 1848च्या क्रांतीला दहा वर्षंही झाली नव्हती. गरिबांना एवढं मोठं, एवढं भारदस्त रंगवलेलं बघून पॅरिसमधले काही टीकाकार बिथरले.

शेवटी शेजारी ज्यूल ब्रेतों या दुसऱ्या फ्रेंच चित्रकाराचं 1859चं चित्र उघडून ठेवा. विषय तोच. पण त्यातल्या बाया संध्याकाळी भारे घेऊन ताठ मानेने घरी निघाल्यात, दिसायलाही देखण्या. ते चित्र फ्रान्सचा तेव्हाचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्या दरबाराने विकत घेतलं. दोन्हींतल्या पाठी एकदा ताडून बघा, का घेतलं ते कळेल.